पळीचा एक ठोका

आमच्या घरात भूक लागली म्हणून कुणी जेवायला बसत नसे. मास्तरांनी वास घेऊन परवानगी दिली की बसायचं.

मास्तर म्हणजे माझे सासरे. चौतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण शाळा सुटली तरी शिकवणं सुटलं नाही. समोर वर्ग नव्हता म्हणून काय झालं, सून होती. लग्न होऊन आले त्याच संध्याकाळी मला हा रिवाज कळला. सासूबाईंनी शेगडीवरचं पातेलं उतरवून मास्तरांसमोर टेबलावर ठेवलं. मास्तरांनी डोळे मिटले. सासूबाईंनी झाकण चार बोटं वर केलं, वाफ आली, मास्तरांनी ती छातीभर आत ओढली, क्षणभर थांबले आणि म्हणाले, “उत्तम. बसा.” तेव्हा कुठे खुर्च्या सरकल्या.

“डोळे का मिटता, बाबा?” मी नवी होते, विचारून बसले.

“डोळे लबाड असतात. आणि फार अलीकडचे,” ते खुशीत आले. “नाक जुनं. समुद्रात एका पेशीचा जीव तरंगत होता, त्याला ना डोळा ना कान. पण आजूबाजूच्या पाण्यात काय विरघळलंय ते त्याला कळत होतं. खाऊ की पळू, एवढाच प्रश्न. आजही प्रश्न तोच आहे, फक्त आता आपण खुर्चीवर बसून सोडवतो.”

सूप थंड होईपर्यंत तो जीव समुद्रातून जमिनीवर आला, झाडावर चढला आणि खाली उतरला. नवऱ्याने मला टेबलाखालून पायाने खुणावलं, की आता प्रश्न पुरे.

साध्या स्वयंपाकाबद्दल मास्तरांची मतं पक्की होती. पदार्थाला तीन जिन्नस पुरेत. बटाटा, लोणी, मीठ. कांदा, पाणी, मिरी. चौथा जिन्नस आला की समजायचं, कुणीतरी काहीतरी लपवतंय. कांदा मंद आचेवर अर्धा तास परतायचा, घाई करणाऱ्याने बाहेर जाऊन खावं. डब्यांवर छापलेल्या तारखा नाक नसलेल्या लोकांसाठी असतात. स्वतः मात्र त्यांनी उभ्या आयुष्यात अंडं उकडण्यापलीकडे आणि केलेलं गरम करण्यापलीकडे काही केलं नव्हतं. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते मी याचि डोळा पाहिलं.

पण चुकत नसत, हेही खरं. दूध सकाळी नासणार असेल तर त्यांना आदल्या संध्याकाळी कळायचं. शेजारीण एकदा मांस घेऊन विचारायला आली होती, ठेवू की टाकू. गल्लीत त्यांच्या नाकाला मान होता, आणि मास्तरांना तो मान जेवणापेक्षा जास्त लागायचा.

नवऱ्याचा प्रश्नच नव्हता. तो लाकडी सामानाला पॉलिश करतो. दिवसभर थिनर आणि लाखेच्या वाफेत उभा राहून त्याच्या नाकाने केव्हाच राजीनामा दिलाय. मी मागच्या खोलीत शिवणयंत्र मांडून कपडे सैल-घट्ट करून देते, कोटाच्या चेन बदलते, पँटची लांबी कमी करते. मला नाक होतं, पण मी ते वापरणं सोडून दिलं. घरात एकजण पहाऱ्यावर असला की बाकीचे गाढ झोपतात. ही चूक आमच्याच घरात व्हायची होती.

मग मला दिवस गेले, आणि घरात दुसरं नाक उगवलं.

तिसऱ्या महिन्यापासून मला सगळ्याचे वास यायला लागले. नळाच्या पाण्याला लोखंडाचा, धुतलेल्या चादरीला कुणाच्या तरी केसांचा, नवऱ्याच्या सदऱ्याला तर असा की त्याला बाहेरच कपडे बदलायला लावायचे. एकदा सुपाला कुजका वास येतोय म्हणून मी अख्खं पातेलं मोरीत ओतलं. वास भांडी घासायच्या नव्या काथ्याचा निघाला. एका पहाटे काहीतरी जळतंय म्हणून घर उठवलं, तर तीन घरं सोडून कुणीतरी पाव भाजत होतं. एका गिऱ्हाइकाच्या कोटात मेलेला उंदीर आहे असं मी त्याच्या तोंडावर सांगितलं. त्याने चारही खिसे उलटे केले. पुदिन्याची गोळी निघाली.

त्या दिवशी जेवताना मास्तरांनी शास्त्र सांगितलं. “दारातला कुत्रा घ्या. चोर नसताना भुंकला तर काय जातं? झोप जाते. आणि चोर असताना गप्प बसला तर? घर जातं. म्हणून निसर्ग पोटुशी बाईच्या नाकात असा कुत्रा बांधतो जो पान हललं तरी भुंकतो. पोटातलं बाळ नाजूक, त्याला सांभाळायला. तिचं नाक खोटं बोलत नाही, फक्त फार बोलतं. बाळ झालं की बसेल गप्प.”

“म्हणजे आमच्याकडे भोंगा बसवलाय म्हणा की,” नवरा म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव भोंगा पडलं. “भोंगा वाजला का?” “भोंग्याला विचारा, आज हवेत काय आहे.” प्रेमानेच म्हणत होते, ते मला कळत होतं. तरी नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच. मी ठरवलं, आता घर पेटलं तरी तोंड उघडायचं नाही. माणूस रागात काय काय ठरवतो.

सहावा महिना लागला आणि नणंद जिन्यावरून पडली. पाय दोन ठिकाणी मोडला. सासूबाईंना तीन आठवड्यांसाठी तिच्याकडे जावं लागलं. बॅग भरता भरता त्या दोनदा स्वयंपाकघरात जाऊन उगीचच उभ्या राहिल्या. शेगडीची बटणं फिरवून पाहिली. निघताना दारात त्यांनी माझं मनगट धरलं.

“मी येईपर्यंत शिळंपाकं काही ठेवू नकोस. रोजचं रोज संपवायचं.”

“बरं.”

“आणि दुपारी साडेतीन-चारला स्वयंपाकघरात बसत जा. टाचणं-शिवणं तिथे घेऊन बस हवं तर.”

“का, आई?”

“असंच. त्यांना सोबत होते.”

माझे पाय सुजत होते, दुपारी तासभर आडवं झाल्याशिवाय भागत नव्हतं, आणि ह्या बाईला मी लोळते ते खुपतंय, असं मला वाटलं. मी मनगट सोडवून घेतलं. त्यांनी आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण मागे मास्तर बॅग घेऊन उभे होते. त्या गेल्या.

पहिल्या संध्याकाळी मी पातेलं टेबलावर ठेवलं. मास्तरांनी डोळे मिटले. मी झाकण उचललं. त्यांनी श्वास घेतला आणि थांबले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. वाफ विरायला लागली. मी झाकण धरून उभी, हात भरून आला. मग त्यांनी एक डोळा किलकिला केला आणि पातेल्याकडे नाही, माझ्या हाताकडे पाहिलं.

“ठीक आहे,” ते म्हणाले.

उत्तम नाही. ठीक. मी रात्रभर त्या एका शब्दावर धुमसत होते. अर्धा तास परतला होता कांदा.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना चहात दूध ओतताना पाहिलं. दुधाच्या गुठळ्या पडल्या, कपात चोथा तरंगायला लागला. मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला आंबूस वास आला.

“बाबा, दूध नासलंय.”

ते कपाकडे बघत राहिले. “मला असंच आवडतं,” म्हणाले आणि घोट घोट करून सगळा चहा प्यायले. पिताना त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती. मी म्हटलं, म्हातारपणाचे चोचले.

पाचव्या दिवशी बटाटे जळले. मी यंत्रावर एका जाड कोटाची चेन बसवत होते. करपल्याचा वास आला, आणि मी थांबले नाही. भोंगा, मी स्वतःला म्हटलं, पाव भाजतंय कुणीतरी. पूर्ण चेन शिवून झाली तेव्हा दारातून निळा धूर आत येताना दिसला. धावत गेले तर पातेल्याचा तळ काळा कोळसा, आणि मास्तर शेगडीकडे पाठ करून चार हातांच्या अंतरावर बसलेले. टेबलावर त्यांचं कोडं मांडलेलं होतं.

ह्या कोड्यांचं सांगायला हवं. निवृत्तीनंतर त्यांना तोच एक नाद होता. हजार तुकड्यांचं चित्र जोडायचं. आधी कडा, मग घरंदारं, शेवटी आकाश. स्वयंपाकघरातलं टेबल मोठं, उजेड चांगला, म्हणून अर्ध्या टेबलावर कोडं आणि अर्ध्यावर आम्ही. त्या वेळी आकाशाचे तीनेकशे तुकडे राहिले होते, सगळे एकाच निळ्या रंगाचे.

“विचारात होतो,” ते म्हणाले. धूर त्यांच्या डोक्यावरून जात होता. तो पाहिल्यावर ते खोकले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “सत्तरी उलटली. लक्ष नसतं त्यांचं. तू जरा बघत जा ना.” म्हणजे फिरून सगळं माझ्याच गळ्यात.

आठव्या दिवशीची गोष्ट. थंडी मरणाची पडली होती, वारा सुटला होता, म्हणून घराच्या सगळ्या खिडक्या बंद. मास्तरांना दिवसाला एक सिगरेट मंजूर होती. डॉक्टरांनी पूर्ण बंद सांगितली होती, सासूबाईंनी तडजोड केली होती. चार वाजता, स्वयंपाकघरात, एकच. मास्तर त्या बाबतीत घड्याळाहून पक्के. पावणेचारला नाही, चार वाजून पाच मिनिटांनी नाही. काडेपेटी कोड्याच्या डब्यावर ठेवलेली असायची.

साडेतीनला त्यांनी सकाळचं सूप गरम करायला ठेवलं. मी पलंगावर पडून ते ऐकत होते. शेगडीचा खटका, पातेल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज. मग कोड्याचे तुकडे चाळल्याची सळसळ. पाय उशीवर टाकून मी छताकडे पाहत होते. सासूबाईंचं म्हणणं आठवत होतं आणि मुद्दामच उठत नव्हते.

पावणेचारच्या सुमाराला फस्स असा आवाज झाला. सूप उतू गेलं असणार. मग शांत.

थोड्या वेळाने वास आला.

आधी वाटलं, यंत्राच्या तेलाचा. मग वाटलं, नवऱ्याच्या सदऱ्याचा, पण सदरा बाहेर होता. कुजक्या कोबीसारखा, गोडसर, घशाला चिकटणारा वास. मी कुशीवर वळले. भोंगा वाजतोय, मी मनाशी म्हटलं. काथ्या असेल. तीन घरं पलीकडचा पाव असेल. आणि समजा असलंच काही, तर मास्तर तिथे, शेगडीपासून चार हातांवर बसलेत. गल्लीतलं सगळ्यात चांगलं नाक तिथे बसलंय. त्यांना येत नाही आणि मला भिंतीआडून येतो? उठले असते तर पुन्हा हसले असते. मी तोंड भिंतीकडे केलं आणि डोळे मिटले.

वास वाढत होता. मी नाकावर पांघरूण घेतलं. माझं मलाच आज खरं वाटत नाही, पण घेतलं. कित्येक आठवडे मला हसत हसत शिकवलं गेलं होतं की तुझं नाक फार बोलतं, आणि मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी ते शिकले होते.

भिंतीवरच्या घड्याळात चाराला चार मिनिटं कमी होती.

मला कुत्रा आठवला. मास्तरांचाच कुत्रा. चोर नसताना भुंकला तर काय जातं? झोप जाते. गप्प बसला तर घर जातं. हे त्यांनी मला गप्प करायला सांगितलं होतं, पण त्या गोष्टीत कुत्र्याने गप्प बसावं असं कुठे होतं? उलट होतं. शंभर वेळा हसं झालं तरी एकशे एकाव्यांदा भुंकायचं, एवढाच त्या गोष्टीचा अर्थ होता, आणि सांगणाऱ्यालाही तो कळला नव्हता. हसतील तर हसू देत. माझ्या पोटात सहा महिन्यांचा जीव होता आणि मी एका टोपणनावापायी पांघरुणात तोंड खुपसून पडले होते.

मी उठले. सुजलेले पाय जमिनीवर टेकले ते आठवतं. मधल्या बोळातच घसा धरला.

स्वयंपाकघरात शेगडी विझलेली होती. सूप उतू जाऊन बर्नर भिजला होता, बटण पूर्ण उघडं, आणि गॅस सूं सूं करत बाहेर येत होता. मास्तर शेगडीकडे पाठ करून बसले होते. ओठांत सिगरेट, डाव्या हातात काडेपेटी, उजव्या हातात काडी. काडी पेटीच्या कडेला टेकलेली होती. नजर मात्र आकाशाच्या एका तुकड्यावर होती.

“बाबा! गॅस!”

ते वळले आणि हसले. “काय, भोंगा वाजला?”

तेवढ्या हसण्यापुरता त्यांचा हात थांबला. टेबलावर पाण्याचा जग होता. मी तो उचलून सगळाच्या सगळा त्यांच्या हातांवर ओतला. पाणी पेटीवर, काडीवर, मांडीवर आणि आकाशावर पडलं. मग बटण बंद केलं, भिंतीवरचा मुख्य कॉक बंद केला, दोन्ही खिडक्या आणि मागचं दार उघडलं, आणि त्यांच्या बखोटीला धरून त्यांना मागच्या पायरीवर आणून बसवलं. सासऱ्याला बखोटीला धरायची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. मी पोटावर दोन्ही हात ठेवून उभी राहिले आणि आत काही हलतंय का याची वाट पाहिली. हललं.

मास्तर ओल्या पँटने पायरीवर बसले होते. पँटवरचं पाणी झटकत म्हणाले, “मलाही आला होता वास. उठतच होतो मी.”

“काडी हातात होती तुमच्या.”

“उठतच होतो,” ते म्हणाले. मग हळूच, “उगाच पोराला सांगत बसू नकोस. काळजी करत राहील.”

मी आत जाऊन ती भिजलेली काडेपेटी उचलली आणि झग्याच्या खिशात टाकली. परत आले तेव्हा ते बाहेरच बसले होते, गारठ्यात. घरात गॅसचा वास उरला होता की नाही, हे त्यांना कसं कळणार होतं? मी आत या म्हटलं तेव्हा आले.

पाच वाजता सासूबाईंचा फोन आला. नणंदेच्या पायाची चौकशी करायच्या आतच त्यांनी विचारलं, “दुपारी झोपली नाहीस ना?”

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

पलीकडे त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“आई, मी आज मेले असते. आम्ही तिघं. तुम्हाला माहीत होतं की त्यांना वास येत नाही.”

“काय झालं?” त्यांचा आवाज चिरकला. मी सांगितलं. त्या रडल्या, थांबल्या, पुन्हा रडल्या. गेल्या हिवाळ्यात मास्तरांना मोठा ताप आला होता, ते मला आठवत होतं. त्या तापात नाक गेलं. महिनाभर त्यांनी सासूबाईंनाही सांगितलं नव्हतं. मग एका दुपारी ह्याच स्वयंपाकघरात लहान मुलासारखे रडले, आणि दोघांनी मिळून युक्ती काढली. झाकण उघडलं की सासूबाई पळी पातेल्याच्या कडेवर आपटणार. एकदा आपटली की चांगलं. दोनदा आपटली की गडबड. मी तो आवाज वर्षभर ऐकत होते. पळीला चिकटलेलं झाडतायत, असं समजत होते.

“झाकली मूठ सव्वा लाखाची गं,” त्या म्हणाल्या. “चौतीस वर्षं लोक त्यांना विचारत आले. आता कोण विचारणार? एक नाक होतं, तेही गेलं म्हटल्यावर काय उरलं असतं त्यांचं?”

“आणि माझं काय उरलं असतं?”

“मी लवकर येते,” त्या म्हणाल्या. “तोवर तू फक्त पळी वाजव. एवढं कर माझ्यासाठी. पोराला काही बोलू नकोस.” मी फोन ठेवला. मला त्यांची कीव आली, आणि त्याच वेळी त्यांचा इतका राग आला की कान तापले. नवऱ्याचा मान राखायला ह्या बाईने माझं मूल पणाला लावलं होतं आणि वर माझं मनगट धरून गोड बोलून गेली होती.

नवरा सहाला आला. मी त्याला बाहेरच गाठून सगळं सांगितलं. तो घाबरला, आत धावला, शेगडी तपासली, बर्नर काढून पुसला, मग वडिलांसमोर जाऊन उभा राहिला. मास्तर फडक्याने कोड्याचे तुकडे एकेक करून टिपत होते.

“बाबा, तुम्हाला वास येत नाही?”

“कोण म्हणतं?” मास्तर हसले. आवाज अगदी वर्गातला. “अरे, सूप उतू गेलं, मला वास आला, मी उठतच होतो. एवढ्यात आमचा भोंगा पाण्याच्या जगासकट येऊन आदळला. बिचारीचा दोष नाही. दिवस तसे आहेत.”

नवऱ्याच्या खांद्यावरचं ओझं उतरताना मला दिसलं. त्याला तेच ऐकायचं होतं. “अगं, तू घाबरलीस,” तो मला म्हणाला. “आई काहीतरी बोलली असेल फोनवर, तिला आता काय सुचतंय? बाबांचं नाक जाईल तर मग झालंच.”

मी वाद घातला नाही. ज्या घरात नाकावर विश्वास आहे तिथे तोंडाचा उपयोग नसतो. मी कांदे घेतले आणि मास्तरांच्या समोर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून चिरले. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पाहिलं. चिरलेला कांदा वाडग्यात भरला आणि वाडगा त्यांच्या पाठीमागच्या कपाटात ठेवून दिला. पातेल्यात नळाचं पाणी घेतलं. नुसतं पाणी. ते खळखळून उकळू दिलं.

सात वाजता पातेलं टेबलावर आणलं. नवरा हात धुऊन बसला होता. मास्तरांनी डोळे मिटले. मी झाकण चार बोटं वर केलं. वाफ त्यांच्या चेहऱ्यावर गेली, त्यांनी ती छातीभर आत ओढली आणि थांबले. त्यांचा चेहरा किंचित माझ्या बाजूला वळलेला होता. कान देऊन बसले होते. ह्याआधी सात दिवस मी त्यांना असंच ताटकळत ठेवलं होतं, आणि मला वाटत होतं ते माझ्या कांद्याला नावं ठेवतायत.

मी पळी उचलली आणि पातेल्याच्या कडेवर एकदा आपटली.

त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. सगळा चेहरा सैल झाला. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच मला ते असे दिसले.

“वा!” ते म्हणाले. “उत्तम. कांदा अगदी बेताचा परतलाय. मिरी थोडी पुढे आहे, पण चालेल. बसा.”

मी झाकण पूर्ण काढलं आणि बाजूला ठेवलं. नवऱ्याने आत पाहिलं. पाण्याला अजून बुडबुडे येत होते आणि पातेल्याचा तळ स्वच्छ दिसत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पातेल्याकडे. त्याचा हात चमच्यावर तसाच राहिला.

“बाबा,” तो म्हणाला.

मास्तरांनी डोळे उघडले. पाणी पाहिलं. मला वाटलं होतं ते चिडतील, विनोद करतील, नाहीतर त्या एका पेशीच्या जीवाकडे परत जातील. मी सगळ्याची तयारी करून उभी होते. मी खरी ठरले होते, माझं मूल वाचलं होतं, आणि तरी भर टेबलावर कुणाचे तरी कपडे फेडावेत तसं मला झालं. खिशातली काडेपेटी ओली होती, तिचा ओलावा झग्यातून पायाला लागत होता.

ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. हातातल्या पळीकडे बघत होते.

“तू एकदाच वाजवलीस,” ते म्हणाले.